कासवीची नजर

कासवी पैलतीरावर राहून नुसत्या नजरेनं आपल्या पिल्लांना पोसते, असा दृष्टान्त आपल्या संतवाङ्मयात पुन्हा पुन्हा येतो. दृष्टान्त गोड आहे, पण समुद्री कासवांना तो लागू पडत नाही. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री पुळणीवर चढते, मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून अंगानं थापते आणि तासाभरात पाण्यात परत जाते. पिल्लं वर येतात तेव्हा ती कुठल्या कुठे गेलेली असते. पोसणं दूरच, आई-पिल्लांची साधी भेटही होत नाही.

कोकणात ही नजर ठेवायचं काम गेली वीसेक वर्षं माणसं करताहेत.

सुरुवात 2002 साली झाली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांची पाहणी करत मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेले होते. नाना फडणवीसांचं हे गाव. तिथे किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. समुद्री कासवांना 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण कधीच मिळालेलं होतं, पण कायद्याची प्रत वाळूत पहारा देत नाही. अंडी खाल्ली जात, विकली जात. देवळातल्या दगडी कासवाला हात लावून नमस्कार करायचा आणि पुळणीवरचं घरटं उकरायचं, यात कुणाला विसंगती वाटत नव्हती.

संस्थेनं केलं ते एवढंच की, घरटं शोधायची कला ज्यांच्या हाती होती त्यांनाच राखणदार केलं. त्यांना आता सगळे ‘कासवमित्र’ म्हणतात.

कासवमित्राची गस्त पहाटेच असते, आणि त्यामागे भक्कम शास्त्र आहे. ओल्या वाळूवर छोटा ट्रॅक्टर फिरल्यासारखा माग दिसतो. भरतीचं पाणी तो पुसून टाकतं आणि कुत्री-कोल्हे माणसाच्या आधी पोचतात. माग जिथे घोळतो तिथे बारीक काठी हलकेच टोचून पाहायची. आजूबाजूची वाळू घट्ट लागते. जिथे काठी भसकन आत जाते तिथे घरटं. पुढचं काम हातांनी. अंडी मऊसर कातडी कवचाची, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. घातल्यावर काही तासांत आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर गर्भ मरू शकतो. म्हणून उशीर चालत नाही आणि धसमुसळेपणा तर मुळीच नाही. अंडी बादलीत, सोबत मूळ घरट्यातली थोडी वाळू, आणि जाळीच्या कुंपणात तोच खड्डा पुन्हा करायचा: तोंड अरुंद, पोट गोल, मडक्यासारखा.

पुढचे 45 ते 60 दिवस वाळूचे. कासवाचं लिंग गुणसूत्रांवर ठरत नाही, घरट्यातल्या तापमानावर ठरतं, तेही उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात. साधारण 29-30 अंशांच्या आसपास नर-माद्या बरोबरीनं निघतात; वाळू त्याहून तापली की माद्या जास्त, थंड राहिली की नर जास्त. फारच तापली तर अंडी उबतच नाहीत. त्यामुळे कुंपणावर सावलीची जाळी केव्हा ओढायची, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. मार्च-एप्रिलमध्ये कोकणातल्या वाळूवर अनवाणी उभं राहून पाहा, म्हणजे काळजी कसली ते तळपायांना कळेल.

या सगळ्या धावपळीत मला सर्वात महत्त्वाची वाटते ती नोंदवही. तारीख, जागा, अंडी किती, पिल्लं किती. कंटाळवाणं कारकुनी काम, पण किनाऱ्याचं भवितव्य त्यात अडकलेलं आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या नियमांत कासवं अंडी घालतात त्या जागा सर्वात कडक संरक्षणाच्या वर्गात मोडतात. मात्र राज्याच्या किनारा आराखड्यात अशी जागा दाखवायची तर तिथे कासव येतं हे कुणीतरी सांगावं लागतं, पुराव्यानिशी. नोंद नसलेलं कासव नकाशावर उमटायचं कसं? शिवाय नोंदी हाती असल्या की गावाला ग्रामसभेत आणि जनसुनावणीत ‘आमचा किनारा वाचवा’ याच्या पुढचं काही बोलता येतं.

सरकार आलं, पण मागाहून. 2012 मध्ये राज्यानं खारफुटी आणि किनाऱ्यावरचे जीव सांभाळायला वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष उभारला, कासवांच्या किनाऱ्यांसाठी वनखात्याकडून मदत येऊ लागली. 2018 पासून जाळ्यात अडकलेलं कासव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला नुकसानभरपाई मिळू लागली. ही योजना मला फार शहाणपणाची वाटते, कारण जाळं फाटण्याचा खर्च तिनं एकट्या मच्छीमारावर टाकला नाही. त्याच वेळी समुद्राची धूप थोपवायला जागोजागी दगडी बंधारे घातले जातात, आणि बंधाऱ्यापाशी आलेली मादी डोकं आपटून माघारी वळते. किनाऱ्यावरच्या दिव्यांचंही तसंच. अंधारात पिल्लू उजळ क्षितिजाकडे धावतं. हजारो वर्षं ते क्षितिज समुद्राचं होतं, आता कधी ते रिसॉर्टच्या हॅलोजनचं असतं. एका खात्यानं वाचवलेलं दुसऱ्या खात्याच्या मंजुरीनं जातं, आणि मधे उभा असतो कासवं उजेडानं बिचकू नयेत म्हणून टॉर्चवर लाल कागद चिकटवलेला गावचा एक माणूस.

अशा राखलेल्या किनाऱ्यांनी विज्ञानालाही बरंच दिलं. ओडिशात लाखो रिडले एकदम किनाऱ्यावर येतात. आपल्याकडे एकेकटी, गुपचूप. त्यामुळे पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असाच साधारण समज होता. 2023 मध्ये गुहागरला उपग्रह ट्रान्समीटर बसवून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा त्या समजाला पहिला धक्का बसला. मग जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्याच पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूचा बिल्ला सापडला. क्रमांक 03233. तो तिला मार्च 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता, म्हणजे निदान साडेतीन हजार किलोमीटरवर. क्रमांक टिपून घेतला गेला, आणि नेहमीसारखीच ती वाळू थापून पाण्यात निघून गेली.