आईच्या वहीतली शून्यं

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी टीव्हीच्या कपाटात आईची शंभर पानी वही असते. तारीख, सकाळ, संध्याकाळ असे तीन रकाने पट्टीनं आखलेले. ही बीपीची वही. दिवाळीत घरी गेलो तेव्हा सहज चाळली. १३०/८०. १३०/८०. १२०/८०. १३०/८०. पाच महिन्यांत एकही आकडा शून्याखेरीज दुसऱ्या कशावर संपलेला नव्हता. डिजिटल मशीन एकेक अंक मोजतं, त्यामुळे शेवटी शून्य यायचं ते साधारण दहात एकदा. मी मेमरीचं बटण दाबलं. १४७/८८. १५२/९१. १३९/८३.

“हे काय गं?”

“अरे, आकडा वर दिसला की डॉक्टर वैतागतात की. लगेच गोळी वाढवतात. जरा खाली लिहिलं तर काय बिघडलं?”

आईची युक्ती जुनीच आहे. १९८४ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी काही मधुमेहींना घरी शुगर मोजायला यंत्रं दिली. प्रत्येक यंत्रात आकडे साठवणारी चिप होती, ती मात्र रुग्णांना सांगितलेली नव्हती. नंतर रुग्णांच्या वह्या आणि चिपमधले आकडे समोरासमोर ठेवले. बहुतेकांच्या वहीतली सरासरी यंत्रापेक्षा कमी भरली. काहींनी नको ते आकडे गाळले होते, तर काहींनी बोटाला न टोचताच आकडे लिहिले होते. ही माणसं लबाड नव्हती. डॉक्टरांसमोर आपली परीक्षा आहे असं त्यांना वाटत असावं, आणि परीक्षेत कोण कमी मार्क घेऊन जाईल?

घरातल्या आरोग्य-यंत्रांवर विद्यापीठांत जे संशोधन चालतं, त्यातला मला सगळ्यात रंजक वाटणारा भाग हाच. यंत्र बरोबर आहे का, हे प्रयोगशाळेत तपासता येतं. पण तेच यंत्र स्वयंपाकघरात, खुर्चीच्या दांड्यावर, घाईत, चष्मा न लावता वापरलं की काय होतं? पडद्यावर उमटणारा आकडा यंत्र आणि माणूस मिळून घडवतात. त्यातला माणसाचा वाटा किती, हा खरा प्रश्न.

बीपीचंच बघा. १९०५ साली रशियाच्या कोरोत्कॉव्ह नावाच्या डॉक्टरनं दंडाच्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून धमनीतले आवाज ऐकायची रीत सांगितली. दवाखान्यात पाऱ्याच्या नळीसमोर बसून डॉक्टर ऐकायचे ते हेच. घरचं मशीन ऐकत नाही. ते पट्टा फुगवून धमनी दाबतं, मग हळूहळू हवा सोडतं आणि नाडीच्या ठोक्यागणिक पट्ट्यातल्या हवेला बसणारे बारीक हिसके मोजतं. हिसके सगळ्यात मोठे होतात तिथं सरासरी दाब असतो. वरचा आणि खालचा आकडा मशीन त्यावरून आपल्या गणितानं काढतं. म्हणजे मोजताना तुम्ही हात हलवलात, तर मशीनच्या दृष्टीनं तोही एक हिसका. आमच्याकडे तर पट्टा आवळला की शेजारच्या काकूंना नेमकी तेव्हाच लग्नाची गोष्ट आठवते, आणि नुसत्या बोलण्यानंही बीपी वर जातं.

हात कुठं ठेवला याचा हिशेब तर शाळेतल्या भौतिकशास्त्राचा. दंड हृदयाच्या पातळीखाली गेला की मधल्या रक्ताच्या स्तंभाचं वजन आकड्यात मिसळतं. दर १० सेंटिमीटरला साधारण ७ ते ८ मिलिमीटर पारा, म्हणजे बीपीचे तेवढेच अंक. २०२४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १३३ जणांचं बीपी तीन तऱ्हांनी मोजलं: हात टेबलावर, हात मांडीवर, हात खाली लोंबता. टेबलाच्या मानानं मांडीवरच्या हाताचा वरचा आकडा सरासरी ३.९ नं जास्त आला, लोंबत्या हाताचा ६.५ नं. घरी मोजलेलं बीपी १३५/८५ च्या पुढं राहू लागलं की उच्च रक्तदाब धरतात. त्या उंबऱ्यावर उभ्या माणसाला सहा अंक म्हणजे एक गोळी कमी किंवा जास्त. आई टीव्हीसमोर बसते, हात मांडीवर. म्हणजे ती वहीत आकडा खाली लिहीत होती आणि मोजताना आपणच वर चढवत होती. दोन चुका मिळून कधीतरी बरोबर उत्तर येतही असेल, पण त्याच्यावर औषध ठरवता येत नाही.

मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हा नियम सगळीकडे छापलेला असतो. निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी वाढलेल्या माणसाला तो सांगून बघा! आणि बायकांची मिश्री? ती तंबाखूत कुणी धरतच नाही. सकाळी दात घासले, मिश्री लावली, लगेच पट्टा बांधला. निकोटिननं नाडी आणि दाब दोन्ही थोडा वेळ चढतात आणि तो चढलेला आकडा ‘सकाळचं बीपी’ म्हणून वहीत जातो.

शुगरच्या मशीनची गंमत आणखी बारीक आहे. स्ट्रिपला लागणारा रक्ताचा थेंब बऱ्याच मशीनमध्ये एका मायक्रोलिटरहूनही कमी. शुगर १०० असेल, तर ०.६ मायक्रोलिटर रक्तात ग्लुकोज भरतं जेमतेम ०.६ मायक्रोग्रॅम. बोटाला तेवढंच ग्लुकोज चिकटलेलं असलं की शंभराचे दोनशे. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये शुगर नसलेल्या लोकांना संत्री, द्राक्षं, किवी सोलायला लावली आणि मग त्यांच्या बोटाचं रक्त तपासलं. आकडे भलतेच वर गेले. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसूनही ते उतरले नाहीत. नळाखाली हात धुतल्यावर बरोबर आले. आपण मात्र स्पिरिटवर विश्वास ठेवतो, पाण्यावर नाही. आपल्या पट्ट्यात ऊस-गुऱ्हाळं आहेत, तेव्हा हेही सांगायला हवं: स्ट्रिपवरचं एंझाइम साध्या साखरेला ओळखत नाही, पण गुळात थोडं मोकळं ग्लुकोज असतंच. गूळ फोडून तसंच बोट टोचू नये. बेळगावचा कुंदा दूध आणि साखरेचा, तो बोटावरून फारसं काही करत नाही. त्याचं काम पोटात गेल्यावर सुरू होतं.

हे सगळं परदेशी विद्यापीठांपुरतं नाही. गर्भवतीचं बीपी वाढलं तर झटके येऊन आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. त्यावर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठानं आपल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत ‘क्लिप’ नावाचा मोठा अभ्यास केला. आशाताई आणि नर्सताई टॅबलेट आणि बीपीचं यंत्र घेऊन गर्भवतींच्या घरी जात. यंत्र आकडा देई, टॅबलेटवरचं ॲप लक्षणं विचारून धोका किती ते सांगे आणि पुढं काय करायचं तेही. भारतातल्या या अभ्यासात १४ हजारांहून जास्त गर्भवती होत्या. पाकिस्तान आणि मोझांबिकचे आकडे जोडून २०२० मध्ये निकाल आला: मुख्य मोजमापात, म्हणजे आई-बाळांचे मृत्यू आणि गंभीर आजारपण मिळून धरलेल्या आकड्यात, फरक पडला नाही. पण ज्या बायकांकडे अशा आठ किंवा जास्त भेटी झाल्या, त्यांच्यात मृतजन्म आणि नवजात बाळांचे मृत्यू कमी दिसले. याचं श्रेय भेटींनाच द्यायचं का, हे एवढ्यावरून ठरत नाही. तरी एक-दोनदा दारात आलेलं यंत्र आणि घरचं झालेलं यंत्र यांत फरक असावा, अशी शंका मला येते.

दुसरा अभ्यास गोकाकचा. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या ‘क्रेडल’ यंत्राची २०१६-१७ मध्ये आठ देशांत दहा ठिकाणी चाचणी झाली, त्यातलं एक गोकाक. मोबाइलच्या चार्जरवर चालणारं हे बीपीचं यंत्र आकड्याबरोबर सिग्नलसारखा दिवा लावतं. हिरवा असला तर ठीक, पिवळा असला तर लक्ष ठेवा, लाल लागला तर लगेच दवाखान्यात हलवा. सोबतचा बाण वर असला तर दाब वाढलाय, खाली असला तर रक्तस्रावानं किंवा जंतुसंसर्गानं पडतोय. पाटी कन्नडमध्ये की मराठीत यावरून जिथं डोकी फुटली, त्या जिल्ह्यात एक यंत्र कुठलीच भाषा न बोलता आलं, याचं मला भारी वाटतं. इथंही निकाल सरळ लागला नाही. वरवर बघता गंभीर गुंतागुंती घटल्या होत्या, पण ठिकाणाठिकाणी आणि महिन्यामहिन्याला आकडे इतके हेलकावत होते की यंत्रानं फायदा झाला की नाही, ते छातीठोक सांगता येईना.

आईला मी दोन गोष्टी करून दिल्या. मशीन टीव्हीसमोरून जेवणाच्या टेबलावर नेलं आणि वहीत चौथा रकाना आखला: ‘काय झालं होतं’. वर डॉक्टरांचं म्हणणंही विचारून आलो. ते म्हणाले, “खरे आकडे आणा, गोळीचं मी बघतो.”

परवा व्हिडिओ कॉलवर तिनं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. ‘१५१/८८. खडेबाजारातून चालत आले, बसलेच नाही.’ त्याखाली थोड्या वेळानं, ‘१३८/८४. बसले.’ आणि शेवटची ओळ जरा गिरवून, ठळक केलेली:

‘१३०/८०. देवाशपथ, एवढंच आलं.’