पुरुमेंताबरोबर कागदांची पिशवी: पावसात घर पडले, शेत बुडाले तर मदतीचा अर्ज कसा करावा

मे सरत आला की आपल्याकडे गोव्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, घाई सुरू होते. सोलां, सुकी मासळी, उकडे तांदूळ माळ्यावर चढतात, लाकडे पडवीत रचली जातात. घराचे कागद मात्र कपाटाच्या खालच्या खणात, नाहीतर पलंगाखालच्या ट्रंकेत पडून असतात. पाणी घरात शिरते तेव्हा आधी भिजतात ते हेच. मग मामलेदार कार्यालयात नेमके तेच मागतात.

२३ जुलै २०२१ रोजी म्हादईला पूर आला तेव्हा सत्तरी तालुक्यात हे पुष्कळांनी अनुभवले. नदीकाठच्या गावांत मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. घराबरोबर आधार कार्ड, पासबुक आणि घरपट्टीच्या पावत्याही गेल्या. आमच्या घरी भिंत पडली नाही, पण गुडघाभर चिखल आला. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी सगळे घर धुऊन काढले. चौथ्या दिवशी पंचनाम्याला आलेला माणूस स्वच्छ जमीन बघून म्हणाला, "नुकसान कुठे आहे?" फोटो एकही नव्हता. पुढचे सगळे त्या अनुभवातून लिहितो आहे.

कोणाला मिळते

पूर, चक्रीवादळ, दरड, ढगफुटी, आग अशा ठरावीक आपत्तींत नुकसान झालेल्या कुटुंबाला राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळते. ही मदत असते, भरपाई नव्हे. सरकार तुमचे घर पुन्हा बांधून देत नाही, उभे राहायला हात देते, एवढीच अपेक्षा ठेवून गेलेले बरे.

वीज पडणे किंवा साध्या वाऱ्याने फणस कौलांवर आडवा होणे केंद्राच्या २०२५-२६ पर्यंतच्या यादीत नाही. राज्याला मात्र निधीचा १० टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्ती म्हणून जाहीर केलेल्या गोष्टींवर खर्च करता येतो. त्यामुळे "आपले बसत नाही" असे स्वतःच ठरवून घरी बसू नये. अर्ज द्यावा आणि नुकसान कशाने झाले ते खरे आणि नेमके लिहावे. "झाड पडले" एवढे लिहून भागत नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता, कसल्या वादळात, हेही त्यात यावे. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा हजारो झाडे आडवी झाली. त्या दिवसाचे नुकसान चक्रीवादळाचे. आठवडाभराने त्याच वाकलेल्या झाडाची फांदी पडली तर प्रश्न विचारले जातात.

घर तुमचे, जमीन कोणाची?

गोव्यात खरी अडचण इथे येते. केंद्राच्या निकषांत घर अधिकृत असावे आणि तसे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करावे अशी अट आहे. आपल्याकडे किती घरे एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, राहत्या माणसाच्या नावाने आहेत? सत्तरीत मोकाशाच्या (जुन्या इनामाच्या) आणि आल्वारा (पोर्तुगीज काळात कसायला दिलेल्या सरकारी) जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या घरे उभी आहेत. पेडणे-डिचोलीत भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात मुंडकाराचे (त्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) घर असते, कुठे कोमुनिदादची, म्हणजे जुन्या गावसंस्थेची, जागा असते. उताऱ्यावर नाव असलेच तर ते पणजोबांचे, आणि तेही आडनावाशिवाय.

अशा वेळी जे आहे ते सगळे जोडावे. मुंडकार म्हणून नोंद झाली असेल तर मामलेदाराच्या आदेशाची प्रत सगळ्यांत भक्कम. १९७५ चा मुंडकार कायदा घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण देतो आणि त्याखालची नोंद ही तुमच्या राहण्याची सरकारी कबुली असते. ती नसेल तर जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल, मतदार ओळखपत्र आणि पंचायतीचा रहिवासी दाखला. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे कारकून तुम्हाला ऐकवील. ते खरेही आहे. पण त्या घरात तुम्ही वीस वर्षे राहता हे तीच पावती सांगते, म्हणून जुनी पावती टाकू नये. एक-चौदाचा उतारा ऑनलाइन काढता येतो. तो मे महिन्यातच काढून ठेवावा, पूर ओसरल्यावर वीज आणि नेट असेलच असे नाही.

पहिला दिवस

जीव आधी. अडकला असाल तर ११२ किंवा अग्निशामक दलाचा १०१, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. वीजवाहिनी पडली असेल तर तिच्या जवळही जाऊ नका, १९१२ वर कळवा.

पाणी उतरले की झाडू हातात घेण्याआधी मोबाइल घ्या. भिंतीवरची पाण्याची खूण, पडलेली भिंत आतून आणि बाहेरून, भिजलेले धान्य आणि दारावरचा घर क्रमांक दिसेल असा एक फोटो. फुटलेली कौले अंगणाच्या कोपऱ्यात रचून ठेवा, टाकू नका. झाड कापायला अग्निशामक दल आले असेल तर त्यांच्या केंद्रात घटनेची नोंद होते, पुढे तिची प्रत मागता येते. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

त्याच दिवशी, नाहीच जमले तर दुसऱ्या दिवशी, तलाठ्याला आणि पंचायत सचिवाला कळवा. तोंडी सांगून थांबू नये. साध्या कागदावर दोन ओळी लिहून द्याव्यात आणि प्रतीवर सही-शिक्का घ्यावा.

पंचनामा आणि अर्ज

तलाठी येऊन पाहणी करतो, मोजमाप घेतो आणि साक्षीदारांच्या सह्या घेतो. पंचनाम्यातला पंच म्हणजे साक्षीदार. पंचायतीचा पंचसदस्य हजर असलाच पाहिजे असे नाही, शेजारी चालतो. सही करण्याआधी वाचून घ्या. घर "अंशतः" की "पूर्णतः" पडले, या एका शब्दावर पुढची रक्कम ठरते.

अर्ज तालुक्याच्या मामलेदाराच्या नावे द्यायचा. सोबत आधार, मतदार ओळखपत्र किंवा रेशनकार्ड, घराच्या हक्काचे वर सांगितलेले कागद, फोटो आणि बँक पासबुकाचे पहिले पान. पैसे थेट खात्यात येतात, म्हणून खाते चालू हवे आणि आधारला जोडलेले हवे. पासबुकावर "गांवकर" आणि आधारावर "गावकर" असला फरक असेल तर तो पावसाआधीच मिटवून घ्यावा. एका अनुस्वारासाठी कागद परत आलेले मी पाहिले आहेत. अर्ज दिला की आवक क्रमांक लिहून घ्या, प्रत्येक फेरीला तोच विचारतात.

किती मिळते

केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी दर ठरवले. त्यांनुसार पूर्ण पडलेल्या किंवा राहण्याजोग्या न उरलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये, आणि डोंगराळ ठरवलेल्या भागात १ लाख ३० हजार. अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के, नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीला ८,००० आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. घर वाहून गेले किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली राहिले तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० वेगळे. त्या काळानंतर झालेल्या नुकसानीसाठी चालू दर मामलेदार कार्यालयातच विचारावा. साडेसहा हजारांत अर्धे छप्परही शाकारत नाही हे कोणालाही कळते, तरी ते सोडू नये.

शेत आणि गुरे

पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असेल तरच मदत मिळते. त्याच दरपत्रकात पावसाच्या पाण्यावरच्या शेतीला हेक्टरी ८,५००, सिंचनाखालच्या शेतीला १७,००० आणि बारमाही पिकांना २२,५०० रुपये आहेत, जास्तीत जास्त दोन हेक्टरांसाठी. कुळागरातल्या पोफळी-माडांची नोंद बारमाहीत व्हायला हवी, पाहणीच्या वेळी ती बघावी. याशिवाय राज्याच्या कृषी खात्याची शेतकरी आधार निधी योजना आहे. तिचा अर्ज विभागीय कृषी कार्यालयात द्यायचा असतो आणि त्यासाठी कृषी कार्ड हाताशी ठेवावे. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या शेतातला, बांध फुटून खारे पाणी शिरले तर भात उभे दिसत असतानाही कळवा, मीठ आपले काम नंतर दाखवते.

त्याच दरपत्रकानुसार दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५००, बैल ३२,०००, शेळी ४,००० रुपये. मेलेले जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकाकडून तपासणी आणि दाखला घ्या. पुरून टाकले आणि मग अर्ज केला तर काही चालत नाही.

माणूस गेला तर त्याच दरपत्रकानुसार वारसांना ४ लाख रुपये. त्यासाठी शवविच्छेदन अहवाल, पोलीस पंचनामा, मृत्यू दाखला आणि वारसाचा पुरावा लागतो.

अर्ज अडला तर

तलाठ्याकडे थांबला की मामलेदाराकडे, हे आधी शोधा. नाकारला तर कारण लेखी मागा आणि उपजिल्हाधिकाऱ्यांकडे जा. काहीच कळत नसेल तर माहिती अधिकाराखाली "माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जाची सध्याची स्थिती आणि पंचनाम्याची प्रत" मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. बऱ्याचदा उत्तराआधी फाइलच हलते.

पावसाआधी एक अर्ज

शेजारच्या भाटातला आंबा तुमच्या छपरावर वाकला असेल तर तो पडायची वाट बघू नका. पंचायतीला आणि उपजिल्हाधिकाऱ्यांना फोटोसह लेखी कळवा, प्रत जपून ठेवा. झाड स्वतःचे असले तरी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली तोडायला वनखात्याची परवानगी लागते. ती जूनमध्ये मागून जूनमध्ये हाती पडत नाही, म्हणून काजू संपायच्या आधीच अर्ज टाकावा.

आणि पिशवी? जाड प्लास्टिकची, तोंड घट्ट बांधता येईल अशी. आत मूळ कागद नकोत, झेरॉक्स पुरे. मूळ कागद उंचावर, आणि सगळ्यांचे फोटो परगावच्या एखाद्या भावंडाच्या मोबाइलवर. तिळारी धरणाचे पाणी सोडणार असे कळले की शापोरा नदीच्या काठावरच्या माणसाला गुरे सोडवायलाच वेळ पुरत नाही, ट्रंक उघडायला कुठून मिळणार?