शिष्यवृत्ती की स्टायपेंड? टॅक्सच्या दृष्टीनं फरक मोठा

"पोरगं अजून शिकतंय की ओ, त्याला कसला टॅक्स?" बेळगावकडं टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत पालकांचं हे ठरलेलं वाक्य. पण विद्यार्थी आहे म्हणून आयकरात सरसकट सूट मिळत नाही. पैसा शिकायला मिळाला की कामाबद्दल, एवढंच बघितलं जातं.

शिष्यवृत्तीचं सोपं आहे. शिक्षणाचा खर्च भागवायला मिळालेली रक्कम पूर्ण करमुक्त; 2025-26 च्या उत्पन्नाला त्यासाठी 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 10(16) लागू. सरकारनं दिली काय, ट्रस्टनं दिली काय, सारखंच.

घोळ होतो स्टायपेंडला. समजा, इंजिनिअरिंगचा मुलगा उद्यमबागेतल्या कारखान्यात महिना 12,000 वर सहा महिने इंटर्न राहिला. काम करून घेतलं, त्याचे पैसे दिले. मग पत्रात 'स्टायपेंड' लिहिलं तरी ती कमाईच. एकूण 72,000. नव्या करप्रणालीत 2025-26 या आर्थिक वर्षासाठी 4 लाखांपर्यंत कर शून्य, म्हणजे देणं काहीच नाही. तरी कंपनीनं ही रक्कम व्यावसायिक शुल्क म्हणून दाखवली, तर 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापून हातात 64,800 येतात. पॅन दिला नसेल तर कपात थेट 20 टक्के. कापलेले 7,200 परत हवेत तर रिटर्न भरावाच लागतो, आणि व्यावसायिक उत्पन्नाला 'सहज' हा रिटर्नचा सर्वांत सोपा फॉर्म चालत नाही. पुष्कळ मुलं इथंच कंटाळून पैसे सोडून देतात. माझ्या मते हा निव्वळ आळस. 26एएस, म्हणजे आपल्या पॅनवर किती कर कापला गेला ते दाखवणारं ऑनलाइन पत्रक, उघडून बघायला फार वेळ लागत नाही.

दुसरा गैरसमज नाडकचेरीतून, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कार्यालयातून येतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यात घरचं उत्पन्न मोजतात. म्हणून पोराची कमाई बाबांच्या रिटर्नमध्येच जाणार, असं वाटतं. तसं नसतं, सज्ञान मुलाचा हिशेब त्याच्या स्वतःच्या पॅनवर. अठराच्या आतल्या मुलाच्या नावावरच्या एफडीचं व्याज तेवढं सर्वसाधारणपणे आई-बाबांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्यात मिळवतात. स्वतःच्या कष्टाची किंवा कलेची कमाई मात्र त्याचीच. अमेरिकेत 24 वर्षांखालचा पूर्णवेळ विद्यार्थी, बाकीच्या अटी बसल्या तर, पालकांच्या रिटर्नमध्ये अवलंबित म्हणून दाखवता येतो. तिकडं गेलेल्या नातेवाइकांचा सल्ला त्यामुळं इकडं लागू पडत नाही.

इंटर्नशिपचं पत्र हातात पडलं की कंपनीच्या अकाउंट्समध्ये एवढं विचारून ठेवा: पैसे पगार म्हणून दाखवणार की शुल्क म्हणून?