फिगर घेताय? आधी आमचं रिव्ह्यू कार्ड कसं वाचायचं ते बघा

आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक सुपरहिरो फिगरसोबत (हातपाय हलवता येणाऱ्या छोट्या पुतळ्यासोबत) एक छोटं रिव्ह्यू कार्ड असतं. बरेच जण ते बॉक्समध्येच ठेवून देतात आणि मग मेसेज करतात की कार्डावर घोटा 'मस्त' आणि चेहरा 'ठीक' असं लिहिलंय, तर घ्यायची का नाही ते सरळ सांगा ना. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

पहिली गोष्ट, आमचा क्रम उलटा आहे. आम्ही पायापासून सुरू करतो आणि चेहऱ्याकडे शेवटी येतो. चेहरा काय, तुम्ही फोटोत बघून आवडला तरच फिगर मागवता, पण शेल्फवर ती महिनोन् महिने उभी राहणार का दर दोन दिवसांनी तोंडावर पडून बाजूच्या चार जणांना घेऊन खाली येणार हे फोटोत कळत नाही, ते घोटे आणि मांडीचे जॉइंट ठरवतात. घोटा पुढेमागे तर हलायलाच पाहिजे पण बाजूला पण कलायला पाहिजे, म्हणजे पाय फाकवून उभं केलं तरी तळवा पूर्ण टेकतो. हे नसेल तर फिगर तळव्याच्या कडेवर उभी राहते आणि मग ती कितीही देखणी असो, काही खरं नाही. कार्डावर 'स्टँड लागेल' असं लिहिलेलं असतं ते यासाठीच. मॅकफार्लेन कंपनीच्या बहुतेक डीसी (बॅटमॅन, सुपरमॅनवाल्या) फिगरसोबत गोल बेस येतो, माफेक्स या जपानी लाइनसोबत फिगरला धरून ठेवणारा दांडा असलेला स्टँड येतो, हासब्रो कंपनीच्या मार्व्हल लेजेंड्समध्ये मात्र सहसा काहीच नसतं, तेव्हा तिथे पाय जास्तच कडक तपासतो.

स्केलचं गणित

यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. १:१२ म्हणजे खऱ्या उंचीचा बारावा भाग, सहा फुटी हिरो सहा इंचांचा होतो, आठ फुटी हल्क आठ इंचांचा. मार्व्हल लेजेंड्स, माफेक्स, एस एच फिगुआर्ट्स (ही पण जपानी लाइन) हे सगळे साधारण याच मापातले, तरी एकत्र ठेवले की फिगुआर्ट्सवाले थोडे बारीक आणि बुटके वाटतात. मॅकफार्लेनची डीसी मल्टिव्हर्स सात इंची आहे, म्हणजे तो बॅटमॅन सहा इंची स्पायडरमॅनच्या शेजारी उभा केला की स्पायडरमॅन शाळकरी मुलगा दिसतो. हॉट टॉइज कंपनीच्या फिगर १:६, जवळजवळ फूटभर उंच, त्यांचं शेल्फच वेगळं ठेवा. पावणेचार इंची म्हणजे १:१८. तुमच्याकडे आधीपासून काय आहे ते ऑर्डर करताना सांगितलंत तर आम्हीच सांगू की जमेल का नाही.

कोणत्या हिरोला काय लागतं

'जॉइंट किती आहेत' हा प्रश्न आम्हाला फारसा पटत नाही. आकडा मोठा असून उपयोग काय, त्या हिरोची जी पोझ आहे ती जमली पाहिजे. स्पायडरमॅनला उकिडवं बसता आलं पाहिजे, त्यासाठी गुडघा डबल जॉइंटचा लागतो, मांडी छातीपर्यंत यावी लागते, आणि खांदा नुसता वर न जाता आत छातीकडे पण वळला पाहिजे, त्याला बटरफ्लाय जॉइंट म्हणतात. वर त्याच्या अंगावरची जाळ्याची रेघ जॉइंटपाशी तुटते का ते पण बघतो, कारण स्पायडरमॅनच्या फिगरमध्ये सगळ्यात आधी डोळ्यात भरतं ते तेच. सुपरमॅनचं सगळं मानेवर असतं, उडायच्या पोझमध्ये आडवा धरल्यावर त्याने समोर बघितलं पाहिजे, पुष्कळ फिगर जमिनीकडे बघत उडतात. बॅटमॅनची मान मास्कमध्ये अडकते, त्यात केप जाड प्लास्टिकची असेल तर वजनाने तो मागे कलंडतो. कापडी केप कडेला तार घातलेली असेल तर फारच छान, हवी तशी उडवता येते, फक्त तार एकाच जागी सारखी वाकवू नका, तुटून कापडातून बाहेर येते. आयर्न मॅनचं चिलखत कंबरेपाशी पाय वर जाऊ देत नाही आणि मेटॅलिक पेंट जॉइंटवर घासून निघतो, त्याला एकदा पोझ दिली की राहू द्यावा हेच बरं.

आता एक गोष्ट. रेट्रो लाइनच्या बऱ्याच फिगरला मान, दोन खांदे, दोन मांड्या एवढेच पाच जॉइंट असतात, ती कमतरता नाहीये. त्या ८० च्या दशकातल्या खेळण्यांसारख्या मुद्दाम बनवलेल्या असतात. १९८४ ला केनर कंपनीची सुपर पॉवर्स ही लाइन आली तिच्यात पाय दाबले की हात हलायचे, त्याच्याही आधी १९७२ पासून मेगो कंपनीचे आठ इंची हिरो कापडी कपडे घालून यायचे. आज आपण जे गुडघे, कोपरं, बोटं मागतो ती सवय मुख्य करून २००२ मध्ये टॉय बिझ कंपनीच्या मार्व्हल लेजेंड्सने लावली, पुढे २००७ पासून ती लाइन हासब्रोकडे गेली. तेव्हा रेट्रो फिगरला 'हलत नाही' म्हणून नापास करणं आम्हाला अन्यायाचं वाटतं, तिला आम्ही वेगळं कार्ड लावतो.

चेहरा आणि पेंट

जाहिरातीतला फोटो बहुतेक वेळा हाताने रंगवलेल्या सॅम्पलचा असतो, कारखान्यातून येणारी फिगर तशीच्या तशी कधीच नसते. हल्ली चेहरा डिजिटल प्रिंट करतात, हातभर अंतरावरून एकदम जिवंत दिसतो आणि डोळ्याजवळ आणला की बारीक ठिपके दिसतात. तो डिफेक्ट नाही, त्यावर रिटर्न घेत नाही. पण प्रिंट सरकलेलं असेल, म्हणजे बुबुळ पापणीवर आणि भुवई कपाळावर, तर तो डिफेक्ट आहे. एकाच बॅचमध्ये दोन फिगरचे चेहरे वेगळे निघतात, म्हणून पारदर्शक खिडकी असलेल्या बॉक्समधली फिगर आम्ही चेहरा बघूनच पाठवतो. २०२२ च्या सुमारास हासब्रोने प्लास्टिक कमी करायला खिडकीच काढली होती, नंतर परत आणली, तर त्या मधल्या काळातला बंद बॉक्स घेतलात तर आत कसा चेहरा असेल ते नशीब. कार्डावर तसं लिहितो. हॉट टॉइजच्या काही फिगरमध्ये डोळे फिरवता येतात, डोक्याचा भाग काढून आतून, नखाने बाहेरून ढकलू नका प्लीज.

जॉइंट अडकला तर

जोर लावू नका. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी खूप आहे. पेंटमुळे जॉइंट चिकटलेला असतो आणि आपण पिळलं की आतली खुंटी मोडते, ती मोडली की फिगर गेलीच. आधी गरम पाण्यात (उकळत्या नाही) तो भाग थोडा वेळ धरा किंवा हेअर ड्रायर लांबून फिरवा, प्लास्टिक मऊ पडतं, मग हळूहळू हलवा. बॉक्समध्ये वाकडी झालेली तलवार किंवा पाय पण असाच सरळ होतो, सरळ केल्यावर लगेच गार पाण्यात धरायचा म्हणजे तसाच बसतो. प्रिंट केलेला चेहरा, स्टिकर आणि कापडी कपडे मात्र पाण्यात घालायचे नाहीत. उलट जॉइंट ढिला असेल तर जॉइंटचा गोळा (बॉल) काढता येत असल्यास त्याला नळाची टेफ्लॉन टेप एक वेढा गुंडाळा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

बॉक्स उघडायचा का नाही

आमचं मत विचाराल तर उघडा. बंद ठेवली की नवीच राहते हा समज आहे. मऊ पीव्हीसीमध्ये जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते वर्षांनुवर्षं हळूहळू बाहेर येतं, बंद बॉक्समध्ये ते उडून न जाता पृष्ठभागावरच साचतं आणि फिगर चिकट होते. चिकट झालीच तर कोमट पाणी आणि थोडा भांड्याचा साबण, बस. ऊन मात्र खरा शत्रू, पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं आणि लाल रंग उतरतो, खिडकीसमोर शेल्फ नको. १:६ फिगरची नकली चामड्याची जाकिटं दमट हवेत काही वर्षांनी पापुद्रे सुटून गळायला लागतात, त्यावर खरा उपाय नाही, कोरड्या जागी ठेवून फक्त लांबवता येतं. किंमत वाढेल म्हणून बॉक्स साठवणाऱ्यांना एकच सांगतो, कंपनी तीच फिगर पुन्हा काढते आणि मग जुनीचा भाव बसतो.

नकली माल ओळखायचा तर पाठ, मांडी किंवा तळवा बघा, ओरिजिनलवर कॉपीराइटची बारीक ओळ असते. नकलीवर ती नसते किंवा पुसट असते, आणि बॉक्स उघडल्यावर रंगाचा उग्र वास येतो.

फिगर हातात आली की आधी बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा, ट्रेमधले एक्स्ट्रा हात आणि छोटे पार्ट मोजा (ट्रेच्या मागे टेपने चिकटवलेले पण असतात, ते न बघता फेकू नका), बिल्ड अ फिगरचा (वेगवेगळ्या बॉक्समधले तुकडे जोडून बनणाऱ्या जादा फिगरचा) तुकडा बॉक्सवर लिहिलाय तोच आहे का बघा. काही कमी किंवा वाकडं असेल तर जॉइंट हलवायच्या आधीच फोटो पाठवा, एकदा पोझ दिल्यावर मोडलेला पार्ट आधीच मोडका होता का नंतर मोडला हे आम्हालाही सांगता येत नाही आणि कंपनीलाही.