पेला आणि पाकीट : पुरस्कार मोसमातील मैफलींची पार्श्वभूमी

ऑस्करची नामांकने जाहीर झाली की मित्रमंडळींपैकी कोणाच्या तरी घरी जमायचे, त्या वर्षीच्या चित्रपटांवर बेतलेली कॉकटेल करायची आणि कोण जिंकणार, कोणी जिंकायला हवे यावर रात्र जागवायची, ही पद्धत अमेरिकेत आता इतकी रुळली आहे की ती दूरचित्रवाणीच्या काळात एखाद्या जाहिरातदाराने काढलेली टूम असावी, असे सहज वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. ऑस्कर हा मुळात जेवणाच्या टेबलावरचाच कार्यक्रम होता आणि सिनेमातल्या ताऱ्यांच्या नावांची कॉकटेल तर ऑस्करच्याही आधीची आहेत. या दोहोंना जोडणारी चर्चा मात्र मागाहून आली, कारण चर्चेला लागणारी अनिश्चितता आरंभी नव्हतीच.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीची स्थापना १९२७ साली झाली आणि तिचा पहिला सोहळा १६ मे १९२९ रोजी हॉलीवूड रूझवेल्ट हॉटेलच्या ब्लॉसम रूममध्ये पार पडला. सुमारे २७० माणसे तिथे जेवायला बसली होती आणि तिकीट होते ५ डॉलर. जेवणानंतर अकादमीचे अध्यक्ष आणि मूकपटांचे लाडके नायक डग्लस फेअरबँक्स यांनी पुरस्कार वाटले, ते जेमतेम पंधरा मिनिटांत. एवढ्या झटपट हे उरकण्याचे कारण असे, की विजेत्यांची नावे तीन महिने आधी, फेब्रुवारीतच, जाहीर झालेली होती. पैज लावावी असे काही उरलेच नव्हते. शिवाय अमेरिकेत जानेवारी १९२० पासून दारूबंदी लागू असल्याने टेबलांवर उघडपणे मद्य असण्याचा प्रश्न नव्हता. आजच्या मैफलीतले पेय आणि उत्सुकता हे दोन्ही घटक त्या पहिल्या रात्री गैरहजर होते. हजर होते ते फक्त टेबल.

कॉकटेलचा लेखी इतिहास तोवर सव्वाशे वर्षांच्या घरात गेला होता. न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने १८०६ साली एका वाचकाच्या पृच्छेला उत्तर देताना कॉकटेलची व्याख्या छापली होती : कोणतेही कडक मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे साली, मुळ्या व मसाले मद्यात मुरवून काढलेला कडू अर्क. जेरी थॉमस या बारटेंडरने १८६२ मध्ये अशा पेयांच्या कृतींचे पुस्तकच काढले. करमणुकीच्या धंद्याशी या पेयांची सोयरीक जुळली ती नाट्यगृहांच्या शेजारामुळे. 'रॉब रॉय' हे व्हिस्की आणि गोड व्हर्मूथचे (वनौषधी मुरवलेल्या वाइनचे) कॉकटेल १८९४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलेल्या त्याच नावाच्या संगीतिकेवरून ओळखले जाऊ लागले. नव्या खेळाचा बोलबाला झाला की शेजारच्या बारमध्ये त्याच्या नावाचे पेय यायचे, आणि सिनेमाने हा वारसा जसाच्या तसा उचलला.

चार्ली चॅप्लिन यांच्या नावाचे कॉकटेल न्यूयॉर्कच्या जुन्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलच्या बारमध्ये दारूबंदीपूर्वीच मिळत होते. दारूबंदी आल्यावर अमेरिकेतले कसबी बारटेंडर लंडन, पॅरिस आणि हवानाकडे पांगले आणि त्यांच्याबरोबर ही नामकरणाची हौसही गेली. पांढरी रम, अननसाचा रस आणि डाळिंबाचे सरबत यांचे 'मेरी पिकफर्ड' हे कॉकटेल हवानात जन्मले आणि १९२८ साली तिथल्या पेयांवर निघालेल्या एका पुस्तकात त्याची नोंद झाली. योगायोग असा, की मेरी पिकफर्ड या फेअरबँक्स यांच्या पत्नी, अकादमीच्या संस्थापकांपैकी एक आणि १९३० साली झालेल्या दुसऱ्या सोहळ्यातील सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. त्या वर्षी निकाल ठरवणाऱ्या परीक्षक मंडळाला त्यांनी आपल्या 'पिकफेअर' या घरी चहाला बोलावले होते, असे चित्रपट-इतिहासकार सांगतात. पुरस्कारासाठीचा पहिला प्रचार म्हणून या चहापानाचा दाखला आजही दिला जातो. बाईंच्या नावाची रम हवानात आणि बाईंच्या घरी परीक्षकांसाठी चहा, हा त्या काळचा विरोधाभास मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत मासलेवाईक वाटतो.

चित्रपटावर बेतलेल्या कॉकटेलचा आदर्श नमुना पाहायचा असेल तर 'ब्लड अँड सँड'कडे पाहावे. रुडॉल्फ व्हॅलेंटिनो यांनी बैलांशी झुंजणाऱ्या स्पॅनिश मातादोरची भूमिका केलेला याच नावाचा मूकपट १९२२ साली आला. पेयाची कृती हॅरी क्रॅडॉक या बारटेंडरने लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलसाठी लिहिलेल्या १९३० च्या पुस्तकात आहे : स्कॉच व्हिस्की, चेरी ब्रँडी, गोड व्हर्मूथ आणि संत्र्याचा रस, चारही समभाग, बर्फासह हलवून गाळून घेतलेले. चेरी ब्रँडीचा गर्द लाल म्हणजे रक्त आणि संत्र्याचा पिवळेपणा म्हणजे रिंगणातली वाळू, हे उघडच आहे. पण मिश्रण हलवल्यावर दोन्ही रंग एकमेकांत विरून तपकिरी, मातकट छटा येते आणि पहिल्या घोटातल्या गोडव्यामागून स्कॉचचा धूर वर येतो. चित्रपटाचा रंग आणि स्वभाव असा पेल्यात उतरला पाहिजे. आजच्या बहुतेक पार्ट्यांमध्ये शीर्षकावर कोटी करून भलत्याच पेयाला ते नाव चिकटवतात. तेही चालते, पण त्याला बारसे म्हणावे, कॉकटेल म्हणू नये.

५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली. पडद्यावरच्या मद्यपानावर मात्र हॉलीवूडने स्वतःच स्वतःला घालून घेतलेल्या आचारसंहितेची नजर होती. कथानकाला किंवा पात्राच्या रंगवणीला आवश्यक असल्याशिवाय मद्य दाखवू नये, असे तिचे कलम होते आणि १९३४ च्या मध्यापासून या संहितेची अंमलबजावणी कडक झाली. त्याच्या थोडेच आधी आलेल्या 'द थिन मॅन'मध्ये विल्यम पॉवेल यांचा गुप्तहेर बारमागच्या कर्मचाऱ्यांना शिकवतो, की मॅनहॅटन हे कॉकटेल फॉक्सट्रॉट नाचाच्या ठेक्यावर हलवावे, ब्राँक्स टू-स्टेप नाचाच्या आणि ड्राय मार्टिनी नेहमी वॉल्ट्झच्या लयीत. चौदा वर्षे जी गोष्ट चोरून करायची होती तिचे हे शिष्टाचाराचे पाठच होते, आणि हा चित्रपट पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनातही पोहोचला.

लहानग्यांचीही सोय याच दशकात झाली. सहा वर्षांच्या शर्ली टेंपल यांना १९३५ मध्ये अकादमीने बालकलाकारांसाठीचा खास छोटा पुतळा दिला, आणि जिंजर एल (आल्याच्या चवीचे फसफसते शीतपेय), डाळिंबाचे सरबत व वर चेरी असे त्यांच्या नावाचे बिनमद्याचे पेय लोकप्रिय झाले. ते पहिल्यांदा कोणी केले यावर अनेक उपाहारगृहांनी हक्क सांगितला आहे. स्वतः टेंपल यांना ते फार गोड वाटे, आणि १९८८ साली कोणी त्यांच्या नावाने ते बाटलीबंद विकू लागले तेव्हा त्या न्यायालयात गेल्या.

या काळात उत्सुकतेची बाजू अजून लंगडीच होती. दुसऱ्या सोहळ्यापासून निकाल गुप्त ठेवले जाऊ लागले, तरी रात्री अकरानंतर छापण्याच्या अटीवर ते वृत्तपत्रांना आधीच देण्याचा रिवाज होता. १९४० साली लॉस एंजेलिस टाइम्सने ही अट मोडून संध्याकाळच्या आवृत्तीतच नावे छापली आणि पाहुणे हॉटेलात शिरता शिरता निकाल वाचून मोकळे झाले. अकादमीने धडा घेतला आणि १९४१ पासून मोहोरबंद पाकिटाची पद्धत सुरू केली. आज मित्रमंडळी ज्या क्षणासाठी पेला हातात धरून श्वास रोखतात, तो क्षण एका वृत्तपत्राच्या वचनभंगातून जन्माला आला.

पाकीट आले आणि पाठोपाठ टेबल गेले. युद्धकाळात थाटाची मेजवानी शोभेना, त्यात पाहुण्यांची संख्याही हॉटेलात मावेनाशी झाली होती. म्हणून २ मार्च १९४४ चा सोहळा ग्रॉमन्स चायनीज थिएटरमध्ये झाला, गणवेशातील सैनिकांना मोफत प्रवेशिका देण्यात आल्या आणि सारे जण प्रेक्षकांसारखे ओळीने खुर्च्यांवर बसले. त्या रात्री सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'कॅसाब्लांका'. ज्याचा निम्माअधिक जीव एका बारमध्ये गुंतलेला आहे, ज्यात शॅम्पेन कॉकटेल आणि जिन, लिंबू, साखर, शॅम्पेन यांचे 'फ्रेंच ७५' मागवले जाते, तो चित्रपट नेमका अशा वर्षी जिंकला जेव्हा सभागृहातून ताटवाटी आणि पेले हद्दपार झाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत हॉलीवूडमधील परदेशी वार्ताहरांनी गोल्डन ग्लोब पुरस्कार सुरू केले, आणि त्यांनी पुढे टेबलाभोवती बसून खातपीत पुरस्कार देण्याचा शिरस्ता जपला. ग्लोबच्या मंचावरील भाषणे ऑस्करपेक्षा सैल का असतात, याचे उत्तर भाषणाच्या कागदात नाही, टेबलावरच्या बाटलीत आहे.

सभागृहातून उठलेले टेबल प्रेक्षकाच्या घरी मांडले गेले ते दूरचित्रवाणीमुळे. १९५३ साली चित्रपट कंपन्यांनी सोहळ्याच्या खर्चातून अंग काढून घेतले तेव्हा एनबीसी ही प्रक्षेपण कंपनी आणि तिची मालक कंपनी आरसीए यांनी एक लाख डॉलर देऊन प्रक्षेपणाचे हक्क घेतले, आणि १९ मार्चच्या रात्री हॉलीवूड व न्यूयॉर्क या दोन ठिकाणांहून तो एकाच वेळी दाखवला गेला. आता ज्यांना निमंत्रण मिळण्याची सुतराम शक्यता नव्हती तेही त्या रात्रीचे पाहुणे झाले. पुढे एका छोट्याशा बदलाने घरच्या मैफलींना मोठा हात दिला : बहुधा सोमवारी होणारा सोहळा १९९९ पासून रविवारी आला.

पुरस्कारांचा मोसम ही कल्पना हळूहळू साकारली. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी १९३५ साली आपले मंडळ काढून वर्षअखेरीस स्वतःची निवड जाहीर करायला सुरुवात केली. दिग्दर्शक, लेखक, निर्माते यांच्या संघटनांचे पुरस्कार त्यात मिळत गेले आणि १९९५ पासून अभिनेत्यांच्या संघटनेचेही आले. शरदातील टेल्युराइड आणि टोराँटोच्या महोत्सवांपासूनच कोणाचे पारडे जड याचा हिशोब सुरू होऊ लागला. ऑस्करची तारीख २००४ मध्ये मार्चअखेरीवरून फेब्रुवारीअखेरीस आणली गेली, तरी बोलण्याचा काळ काही आखडला नाही. मधल्या प्रत्येक निकालाने आधीचे अंदाज कोलमडतात आणि पुन्हा एकदा जमायला निमित्त मिळते.

चित्रपट पाहून त्यावर वाद घालायला जमण्याची सवय याहून जुनी आणि पॅरिसमधली आहे. समीक्षक रिच्चोत्तो कानुदो यांनी १९२१ साली सातव्या कलेच्या, म्हणजे सिनेमाच्या, मित्रांचा क्लब तिथे काढला आणि सिने-क्लबांची परंपरा रुजली. पुरस्काराच्या रात्रीने त्या चर्चेला फक्त अंतिम मुदत दिली. घरोघरी छापील मतपत्रिका वाटल्या जातात, प्रत्येकाने आपला कौल पेन्सिलीने नोंदवायचा असतो, आणि बाजी बहुधा लघुपटांच्या विभागांवर फिरते, कारण ते कोणीच पाहिलेले नसतात. काही हौशी मंडळी अकादमीचीच पद्धत वापरतात. अकादमीने २००९ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाची नामांकने पाचवरून दहा केली आणि त्या विभागापुरते पसंतीक्रमाचे मतदान परत आणले : सर्वांत कमी पहिल्या पसंतीचा चित्रपट बाद करायचा, त्याची मते पुढच्या पसंतीला द्यायची, आणि कोणाला तरी निम्म्याहून अधिक मते मिळेपर्यंत हे चालू ठेवायचे. या पद्धतीत सर्वांना बऱ्यापैकी आवडलेला चित्रपट थोड्यांना जिवापाड आवडलेल्या चित्रपटावर मात करू शकतो, हे मित्रांच्या घोळक्यात एकदा करून पाहिले की चटकन उमगते आणि भांडणाला नवा विषय मिळतो.

या सोहळ्याची लांबी यजमानाने गांभीर्याने घ्यावी. २००२ चा सोहळा ४ तास २३ मिनिटे चालला होता. दर जाहिरातीला शेकर (कॉकटेल हलवायचे झाकणाचे भांडे) घेऊन उभे राहणारा यजमान सोहळाही पाहत नाही आणि चर्चेतही नसतो, म्हणून पेय आधीच मोठी सुरईभर करून ठेवतात. तसे करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. बर्फावर हलवताना किंवा ढवळताना पेयात साधारण पाचव्या हिश्श्यापासून पाव हिश्श्यापर्यंत पाणी उतरते आणि तेच मद्याची धार बोथट करते. सुरईत बर्फ नसेल तर तेवढे पाणी मोजून घालावे लागते. लिंबूवर्गीय रस काही तासांत फिका पडतो, म्हणून तो त्याच दिवशी पिळावा. आणि मुख्य पुरस्कार अगदी शेवटी असल्याने पेय हलकेच ठेवावे, नाहीतर चर्चा ऐन वेळी झोपते.

शेवटच्या पुरस्कारापर्यंत जागे राहिलेल्यांचे २६ फेब्रुवारी २०१७ रोजी सार्थक झाले. त्या रात्री सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून 'ला ला लँड'चे नाव वाचले गेले, त्याच्या निर्मात्यांची आभाराची भाषणे सुरू झाली आणि मग मंचावरूनच सांगण्यात आले की विजेता 'मूनलाइट' आहे. पाकिटांचे दोन एकसारखे संच मंचाच्या दोन बाजूंना मतमोजणी करणाऱ्या दोन लेखापालांकडे असत, आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे दुसरे, न उघडलेले पाकीट चुकून निवेदकांच्या हाती गेले होते. पुढच्या वर्षीपासून लेखापालांना मंचामागे मोबाइल वापरण्यास मनाई झाली आणि तिसरा लेखापाल पाकिटांचा पूर्ण संच घेऊन नियंत्रण कक्षात बसू लागला. तिघांनीही सर्व विजेते तोंडपाठ करायचे असतात. त्या रात्रीच्या वादातले सगळे खरे काय ते यांनाच ठाऊक असते, आणि तोंड उघडायची मुभा नसते तीही यांनाच.