सॅम्पल पाठवण्यापूर्वी एवढं वाचा

गोळ्या, सिरप, इंजेक्शनं आणि कच्चा माल आमच्या प्रयोगशाळेत तपासायला देणाऱ्या कारखानदारांसाठी

फोनवर बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो: "रिपोर्ट कधी मिळेल?" माल पॅक होऊन पडलेला असतो, ट्रान्सपोर्टवाला दारात उभा असतो. तुमची घाई आम्हाला कळते. तरीही काही चाचण्या घाईने होत नाहीत.

गोळीची डिसोल्यूशन, म्हणजे विरघळण्याची, चाचणी तशी लवकर उरकते. पॅरासिटामॉलची साधी गोळी ५.८ पीएचच्या ९०० मिली बफरमध्ये ३७ अंशांवर ठेवतात, पॅडल मिनिटाला ५० फेरे घेतं आणि ३० मिनिटांनी किती औषध विरघळलं ते मोजतात. एचपीएलसीला, म्हणजे औषधाचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, मात्र तयारीच जास्त लागते. घटक वेगळे करणारी त्याची नळी, म्हणजे कॉलम, स्थिर व्हावी लागते. मग स्टँडर्ड, म्हणजे माहीत असलेल्या शुद्धतेचा नमुना, यंत्रात बहुधा पाच किंवा सहा वेळा लागोपाठ सोडला जातो आणि त्या निकालांमधला फरक मर्यादेत असेल तरच तुमच्या सॅम्पलला हात लावला जातो. जंतूंची मोजणी करायची तर प्लेट पाच दिवसांपर्यंत ठेवाव्या लागतात. इंजेक्शनची स्टरिलिटी (जंतूमुक्ततेची) चाचणी १४ दिवसांची असते, कारण मोजके, अशक्त जंतू उशिरा वाढतात. ती नेहमीच्याच पद्धतीने आठ दिवसांत करून देतो असं कोणी सांगितलं, तर त्या कागदावर विसंबू नका.

रिपोर्ट 'फेल' आला तर

"पुन्हा एकदा लावून बघा ना," अशी विनंती आम्हाला होते. आम्ही आधी आमची चूक शोधतो: वजन, डायल्यूशन (पातळ करणं), काचेची भांडी, कॉलम, आकडेमोड. चूक सापडली तर ती नोंदवून पहिला निकाल रद्द करतो आणि चाचणी पुन्हा लावतो. चूक नाही सापडली, तर तो निकाल खोडता येत नाही. पुढची तपासणी तुमच्या कारखान्यात व्हायची असते, मिक्सिंगपासून कॉम्प्रेशनपर्यंत, म्हणजे पावडर दाबून गोळी बनेपर्यंत.

सरासरीही काढून देत नाही. गोळीतलं औषध एका वेळी लेबलवरच्या मात्रेच्या ९३ टक्के आणि दुसऱ्या वेळी ९७ टक्के आलं, तर सरासरी ९५ होते, आणि पॅरासिटामॉलच्या गोळीची खालची मर्यादा ९५ च आहे. कागदावर बॅच पास होईल, पण ९३ का आले याचं उत्तर मिळालेलं नसेल. अमेरिकेत १९९३ साली बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने हाच मुद्दा धरला होता. पास होईपर्यंत चाचण्या करत राहणं म्हणजे गुणवत्ता तपासणं नव्हे.

सिरप बनवत असाल तर ग्लिसरीनबद्दल

हे आम्ही प्रत्येक नव्या ग्राहकाला समोर बसवून सांगतो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमावा लागला. २०२२ मध्ये गांबियात खोकल्याच्या सिरपमुळे लहान मुलं गेली, तेव्हाही हेच विष सापडलं. ते ग्लिसरीनसारखंच बिनरंगी, दाट आणि गोड असतं. ते मूत्रपिंडं निकामी करतं. डोळ्यांनी, वासाने किंवा चवीने फरक कळत नाही, आणि पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवरून तर मुळीच नाही. डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल या दोन्हींची मर्यादा ०.१ टक्का आहे आणि ती गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे वाफ करून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, तपासली जाते.

म्हणून दहा ड्रम आले तर दहाही ड्रममधून वेगळं सॅम्पल पाठवा. एकात एक मिसळून पाठवू नका. नऊ चांगल्या ड्रमांत दहावा लपून जातो. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि सॉर्बिटॉल सोल्यूशनलाही हेच लागू. खर्च वाढतो हे खरं, पण या चाचणीवर पैसे वाचवा असं आम्ही कोणालाही सांगणार नाही.

सॅम्पल कसं पाठवायचं

आमच्या हाती येतात त्या काही गोळ्या. तुमची बॅच लाखांत असते. त्या गोळ्या कॉम्प्रेशनच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या मालातून घ्या. हॉपर, म्हणजे मशीनवरचं पावडरचं भांडं, रिकामा होत आला की पावडरीतले घटक वेगळे व्हायची शक्यता वाढते, म्हणून शेवटचा माल विसरू नका. सिरप असेल तर सीलबंद बाटल्याच द्या. पाण्याच्या बाटलीत ओतून आणलेलं सॅम्पल आम्ही परत करतो.

लेबलवर उत्पादनाचं नाव, बॅच नंबर, उत्पादन आणि मुदतीची तारीख, साठवणुकीचं तापमान आणि कोणत्या फार्माकोपियानुसार (औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथानुसार) तपासायचं ते लिहा. तुमची स्वतःची पद्धत असेल तर तिचा व्हॅलिडेशन रिपोर्ट, म्हणजे ती पद्धत भरवशाची असल्याचा पुरावा, सोबत जोडा. थंड ठेवायचं औषध असेल तर बर्फाच्या पेटीत पाठवा आणि निघण्याआधी फोन करा, म्हणजे आल्याबरोबर फ्रीजमध्ये जाईल.