कायदा एक, अंमलबजावणी घरोघरची

युरोपियन युनियनचे पर्यावरण कायदे आज जगभर कडक म्हणून ओळखले जातात. त्यांची सुरुवात मात्र निसर्गप्रेमातून झाली नाही. युनियनचा पाया घालणाऱ्या 1957 च्या रोम करारात पर्यावरणाचा उल्लेखच नव्हता. 1967 मध्ये घातक रसायनांचं वर्गीकरण आणि लेबल यांचे समान नियम आले, ते मुख्यतः व्यापारात अडथळे येऊ नयेत म्हणून. पर्यावरणासाठी करारात स्वतंत्र प्रकरण यायला 1987 उजाडलं.

यातले बरेचसे कायदे ‘डिरेक्टिव्ह’ स्वरूपाचे असतात. काय साधायचं आणि कधीपर्यंत, हे ब्रुसेल्समध्ये ठरतं. कसं साधायचं, ते प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात बसवायचं. गोम इथेच आहे. कागदावर कायदा करणं सोपं, पण तपासणीला जाणारे अधिकारी त्या त्या देशाचे, पगार देणारं सरकारही तेच. गावोगाव फिरून कारखाने आणि कचरा डेपो तपासणारी फौज युरोपियन आयोगाकडे, म्हणजे युनियनचा कारभार पाहणाऱ्या यंत्रणेकडे, नाही. त्याची मोठी भिस्त नागरिकांच्या तक्रारींवर.

ग्रीसच्या क्रीट बेटावरचं कुरुपितोस प्रकरण अशाच तक्रारीतून निघालं. हानिया शहराजवळ, समुद्रापासून अवघ्या काहीशे मीटरवर, नदीच्या घळईत कचरा टाकला जायचा. त्यात घरचा कचरा होता, तसा लष्करी तळांचा आणि रुग्णालयांचाही. आयोगाकडे 1987 मध्ये तक्रार गेली. 1992 मध्ये युनियनच्या न्यायालयाने ग्रीसला दोषी ठरवलं. पुढची कित्येक वर्षं डेपो तसाच. नव्या जागेला लोकांचा विरोध आहे, ही सरकारची सबब. ती खोटी नव्हती. आपल्या गावाशेजारी डेपो कोणाला हवा असतो? पण न्यायालयाने ती मानली नाही.

तोवर युनियनच्या देशांमधल्या मास्ट्रिख्ट कराराने निकाल न पाळणाऱ्या देशाला दंड करण्याची सोय केली होती. तिचा पहिला वापर इथेच झाला. 4 जुलै 2000 रोजी ग्रीसला दिवसाला 20,000 युरो दंड लागला आणि 2001 मध्ये डेपोचा प्रश्न एकदाचा मार्गी लागला. तक्रारीपासून मोजलं तर चौदा वर्षं! दंडाच्या मीटरने जे काही महिन्यांत घडवलं, ते आधीच्या निकालाला आठ वर्षांत जमलं नव्हतं.

दरम्यान 1992 मध्येच देशोदेशीच्या पर्यावरण अधिकाऱ्यांनी ‘इम्पेल’ हे जाळं उभारलं. परवाने कसे द्यायचे, तपासणीत काय बघायचं, याचे अनुभव ते एकमेकांना सांगतात. दंडाच्या बातम्यांपुढे हे काम दिसत नाही, पण रोजची अंमलबजावणी सुधारते ती अशाच कामातून.

दंडालाही न जुमानणारे निघालेच. पोलंडमधल्या तुरुव कोळसा खाणीच्या वादात शेजारच्या चेकियाने पोलंडला न्यायालयात खेचलं. खाणकाम थांबवण्याचा अंतरिम आदेश पोलंडने पाळला नाही, म्हणून सप्टेंबर 2021 मध्ये दिवसाला 5 लाख युरो दंड लागला. तोही भरला नाही, तेव्हा आयोगाने पोलंडच्या युरोपीय निधीतून रक्कम वळती केली. फेब्रुवारी 2022 मध्ये दोन्ही देशांची तडजोड झाली. साठलेला दंड मात्र माफ झाला नाही.